काय भाऊ, एकटेच?

एकट्याने जेवलेलं समाजाला चालतं, एकट्याने वाचलेलं चालतं, एकट्याने देवळात जाऊन बसलं तर कौतुकही होतं. पण एकट्याने पट मांडून खेळायला बसलं, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना काळजी वाटू लागते. आमच्या पिंप्राळ्यात उघडं दार म्हणजे आत येण्याचं आमंत्रण. येणारा टेबलाकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "काय भाऊ, एकटेच? घरी सगळं बरं आहे ना?"

बरं आहे म्हणून तर खेळायला सुचतं!

खेळाचं नाव 'शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह'. १९८१ साली निघाला, १९८५ साली जर्मनीत वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. यात फासा नाही, सोंगट्या नाहीत. लंडनचा नकाशा, पत्त्यांची डिरेक्टरी, जुन्या थाटाची वर्तमानपत्रं आणि प्रकरणांच्या पुस्तिका. टेबल पुसा, नकाशा पसरा, वही-पेन्सिल घ्या, चश्मा शोधा. सगळी मांडामांड सत्यनारायणाची. केळीचे खुंट तेवढे, जळगावात राहूनही, लागत नाहीत. मग खुनाची हकीकत वाचायची, कुणाला भेटायचं ते आपण ठरवायचं, डिरेक्टरीत त्याचा पत्ता काढायचा आणि पुस्तिकेत त्या पत्त्यापुढचा मजकूर वाचायचा. शेवटी प्रश्नांची उत्तरं द्यायची. होम्सपेक्षा जास्त घरं पालथी घातली, तर गुण वजा.

यावर पहिला आक्षेप असा, की खेळ म्हटला म्हणजे चार माणसं हवीत. भरताच्या पार्टीला हवीत, कबूल. आषाढी एकादशीला आमच्या गावचा रथ ओढायला तर शेकडो हवीत. पण विठ्ठलाशी दोन शब्द बोलायचे तर कुणी चौघांना बरोबर नेतं का? आपला जुना मोक्षपट घ्या. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप आणि सगळ्यांच्या वर मोक्ष. इंग्रजांनी तो उचलला आणि १८९० च्या दशकात तिकडे सापशिडी म्हणून विकला. पटावर खेळणारे किती का असेनात, मोक्षाच्या घरात भागीदारी नाही!

दुसरा आक्षेप, एकट्याने खेळलं की लबाडी सोपी. अहो, तीच तर गंमत! रमीच्या डावात माणूस प्रामाणिक असतो, कारण समोर तीन जोडी डोळे असतात. इथे उत्तर त्याच पुस्तिकेच्या शेवटी छापलेलं, आणि राखणीला आपलाच अंगठा.

गंमत म्हणजे आक्षेप घेणारे स्वतः रात्री मोबाइलमध्ये मान घालून तास तास पत्ते खेळतात. एकटेच! पण त्यांचं एकटेपण खिशात मावतं, माझं टेबलभर पसरतं, एवढाच काय तो गुन्हा. एकटा माणूस म्हणजे एकाकी माणूस, हे आपण ठरवूनच टाकलं आहे. त्यामुळे निवृत्त माणसाला किंवा घरातल्या बाईला दुपारचा एक तास स्वतःपुरता हवा असेल, तर पोथी काढावी लागते, नाहीतर डोकं दुखवावं लागतं. नुसतं "मला खेळायचंय" म्हणायची सोय नाही. ती व्हायला हवी.

तेव्हा मंडळी, जरूर या. खुर्ची ओढा, चहा घ्या, संशयित कोण तेही सुचवा. फक्त घरच्यांची चौकशी नको, आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानाला हात लावायचा नाही!