डोळे उघडे होते, तरी…

परवा नातवासह रस्ता ओलांडीत होतो. लक्ष सगळं समोरून येणाऱ्या बसच्या पाटीवर. एकाएकी नातवानं मागं खेचलं. सायकलवाला अगदी नाकासमोरून गेला!

“आजोबा, दिसला नाही?”

खरंच दिसला नव्हता. चष्मा तर नवा. (सौभाग्यवतीला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.)

हार्वर्डच्या सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ सालचा प्रयोग आठवला. चेंडूफेकीची फिल्म दाखवून त्यांनी लोकांना फेकी मोजायला लावल्या. मध्येच गोरिलाच्या वेषातली बाई खेळाडूंमधून चालत गेली. जवळजवळ निम्म्यांना ती दिसलीच नाही! डोळ्यांच्या पडद्यावर प्रतिमा सगळ्याचीच पडते. पण मन मोजण्यात गुंतलं, की बाकीच्याची दखलच घेत नाही.

हल्ली बसच्या पाट्या नातू वाचतो, तेही फुटपाथवरून.