अंगणातला नाताळ

लखनौच्या गोमती नगरात राहून आम्हांस आता बरीच वर्षे झाली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की येथील कितीतरी कुटुंबे सायंकाळी हजरतगंजला जातात. तेथील सेंट जोसेफ कॅथीड्रलसमोर सर्व धर्मांच्या लोकांची गर्दी लोटते. मेणबत्ती लावायची, रोषणाई पाहायची, छायाचित्र काढायचे आणि काहीबाही खाऊन घरी परतायचे, हा परिपाठ आम्हीही पाळला. या गर्दीत सद्भाव नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु नाताळ साजरा करणाऱ्या एकाही घराशी आमची ओळख नव्हती, हे ध्यानात येण्यासाठी मला वसईला जावे लागले.

वसईजवळील नंदाखाल हे माझ्या मैत्रिणीचे माहेर. एका वर्षी नाताळच्या चार दिवस आधी मी तिच्याबरोबर तेथे गेले. पहिल्याच संध्याकाळी तिच्या आईने मला पाटावर बसवून हाती एक काटा दिला. मैद्याची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळवली, की शिंपल्यासारखा कलकल तयार होतो. माझे पहिले वीस-पंचवीस कलकल उलगडले. ‘तेलात गेल्यावर सगळे सारखेच लागतात, बाय,’ असे म्हणून त्यांनी ते परातीत सारले. पलीकडे करंज्या भरणे चालू होते. माझ्या आईच्या दिवाळीतल्या करंज्यांहून त्या मुळीच वेगळ्या नव्हत्या. अंगणात मुले येशूजन्माचा गोठा उभारीत होती. भाताचा पेंढा, मातीच्या मूर्ती आणि आधीच पेरून ठेवलेल्या नाचणीचे कोवळे शेत! मध्यरात्रीची मिस्सा मराठीत झाली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्यास वाट मोकळी केली, हे मी वाचले होते. लाल लुगडी नेसलेल्या वृद्ध स्त्रिया तन्मयतेने गाऊ लागल्या, तेव्हा त्याचा अर्थ कळला.

नाताळ हा परक्यांचा सण, असे आपल्यांतील काही जण सहज बोलून जातात. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि ‘नाताळ’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतला, हे खरे. पण पाव, बटाटा, पगार आणि चावी हे शब्दही तिकडूनच आले. त्यांना कोणी परके म्हणत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, म्हणजे ‘दासबोध’ रचला जाण्याच्याही आधी. तरीही २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, तेव्हा काहींनी नाक मुरडलेच.

मला खरी चिंता वाटते ती मात्र दुसऱ्याच गोष्टीची. रुमानियाच्या खेड्यांत नाताळच्या आदल्या रात्री पुरुषांचे जथे घरोघर जाऊन पारंपरिक गीते गातात आणि घरधनी त्यांना खाऊपिऊ घालतो. युनेस्कोने २०१३ साली ही प्रथा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. चांगले झाले, पण केवळ यादीमुळे प्रथा टिकते, असे मला वाटत नाही. गाणाऱ्यांसाठी कोणीतरी दार उघडावे लागते. वसईत २००९ साली महानगरपालिका आली. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याचे काम तर त्याआधीच सुरू झाले होते. मैत्रिणीच्या भावाने सदनिका घेतली आहे. त्याच्या गोठ्याला आता खिडकीतील हातभर फळी पुरते आणि तो पाहायला बाहेरचे कोणी येत नाही.

आमचे तरी निराळे काय? यंदाच्या दिवाळीत मी आमच्याच इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे प्रथमच फराळाचे ताट घेऊन गेले. नऊ वर्षे आम्ही एकाच जिन्याने ये-जा करीत होतो. ताट अजून त्यांच्याकडेच आहे. ‘रिकामे कसे परत करणार? पंचवीस तारखेला घेऊन येते,’ असे त्या बाई म्हणाल्या आहेत.