मनाची नोंद चावडीवर नको

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात ‘प्रेरणा प्रकल्पा’तील आशाताई घरोघरी मनावरच्या ताणाची विचारपूस करतात. सांगितलेले गावभर होईल, अशी धास्ती असेल तर शेतकरी बोलेल कसा? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २३नुसार उपचार करणाऱ्यांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. अपवाद मोजके: नामनिर्देशित प्रतिनिधी, उपचारातील अन्य तज्ज्ञ, न्यायालयासारख्या अधिकृत यंत्रणेचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता आणि कुणाच्या जिवाला धोका. धोका असला तरी तो टाळण्यापुरतेच सांगायचे. फवारणीचे औषध घरातून हलवा, एवढे घरच्यांना सांगावे. कर्जाची सगळी कहाणी नव्हे. सावकार, बँक, सरपंच या यादीत नाहीत. हीच शिस्त आशाताईंच्या वहीलाही हवी.