पिंजऱ्यातील वैशाखवणवा

मे महिना उजाडला की नागपूरकर कूलरला नव्या ताट्या बसवतो आणि दुपारी घराबाहेर पडण्याचे टाळतो. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा नव्हे, तरी ४५ अंशांचा तडाखा येथे नवा नाही. माणूस सावली शोधू शकतो. पत्र्याच्या शेडमध्ये, तारेच्या पिंजऱ्यात दाटीने ठेवलेल्या अंड्यावरच्या कोंबडीला मात्र पंख पसरण्याचीही मुभा नसते.

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापा टाकते. त्यामुळे शरीरातील कर्बवायू प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्तातील आम्लतेचा तोल ढळतो आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम अपुरे पडते. उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी हाती येतात, त्यामागे बहुधा ही धाप असते. गावरान कोंबडी अशा वेळी गोठ्याच्या सावलीत माती उकरून त्या गारव्यात अंग घुसळते. पिंजऱ्यात माती कोठून येणार?

हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाने गुन्हा ठरविला आहे. विधी आयोगाने २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल याच विषयावर दिला. पुढे २०२३ च्या केंद्रीय नियमांनी प्रत्येक कोंबडीस किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवून दिली. टंकलेखनाचा साधा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो! युरोपीय संघाने असे साधे पिंजरे २०१२ पासूनच बंद केले. गोवंशाच्या प्रश्नावर तत्काळ जागा होणारा आपला समाज या कागदाएवढ्या जगाविषयी मात्र फारसे बोलत नाही.

सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शहराला अंडे स्वस्त हवे असते आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. तरीही छताला चुना, त्यावर तणस, दाणा पहाटे व सायंकाळी, दिवसभर गार पाणी, हे उपाय आवाक्यातले आहेत. खर्चिक आहे ती मोकळी जागा, आणि तेथेच शासनाने हात द्यावयास हवा. अनुदान देताना पक्षी किती यासोबत प्रत्येकाला जागा किती, हेही तपासावे. आणि ती अट नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्याकडे पाहून ठरवावी. पुण्याच्या हवेचा मापदंड येथे चालणार नाही.