पॅटर्नबाहेरची गोळी

बंदुकीच्या संगणकीय खेळांविषयी आपले साहित्याचे प्राध्यापक बोलू लागले की हिंसेपाशी सुरू होतात आणि हिंसेपाशीच संपतात. आशय आणि रूप वेगळे काढता येत नाहीत, असे वर्गात सांगणारी हीच मंडळी! खेळाचे रूप पाहायचे तर गोळी नेमकी कुठे लागते, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये गोळी पडद्यावरच्या फुलीवर जातेच असे नाही. चाप दाबून धरला की बंदूक उसळते. एके-४७च्या तीस गोळ्या आधी वर चढतात, मग डावी-उजवीकडे भरकटतात. २०१२च्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या आवृत्तीपासून ही वाट ठरलेली आहे. खेळाडू भिंतीवर गोळ्या झाडझाडून ती पाठ करतात आणि माऊस उलट दिशेने ओढतात. मात्र या वाटेखेरीज प्रत्येक गोळीला थोडा यादृच्छिक फैलावही असतो. धावताना तो वाढतो, थांबले की आक्रसतो, नाहीसा होत नाही.

मुरलेल्या खेळाडूंचा राग नेमका यावर. डिसेंबर २०१५मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने सलग गोळीबाराची अचूकता घटवली, तेव्हा एवढी ओरड झाली की जानेवारी २०१६मध्ये तो बदल मागे घेण्यात आला. नेम आमचा असताना फासे कशाला, हा त्यांचा आक्षेप.

नांदेड-लातुरात राहून हा आक्षेप ऐकताना मला अस्वस्थ व्हायला होते. ‘पॅटर्न’ हा शब्द इथे क्लासच्या फलकांवरून घराघरांत शिरला आहे. सराव परीक्षांची भिंत, तिच्यावर रोजचा गोळीबार; ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास उणे एक. वाट पाठ केली की गोळी लागणारच, असे मुलांना सांगितलेले असते. नाही लागली तर दोष हाताचा. थोडक्यात हुकलेल्या मुलाला आम्ही शिक्षकही हेच ऐकवत आलो.

म्हणून फैलाव काढून टाकण्याची मागणी मला मान्य नाही. तो खेळाडूला निव्वळ दैवाच्या हवाली करत नाही. जो थांबतो, अंतर ओळखतो, बेताने झाडतो, त्याला तो कमी छळतो. पण हात तयार असूनही गोळी चुकू शकते, एवढे हा खेळ कबूल करतो. आमच्या पॅटर्नने ते कधी कबूल केले?

ॲरिस्टॉटलचा ‘हॅमार्शिया’ हा शब्दही मुळात नेम चुकण्याचाच. एम.ए.च्या वर्गात आपण तो ‘नायकाच्या स्वभावातील दोष’ म्हणून लिहून देतो, आणि परीक्षेत नेमके तेच उत्तर आले की पूर्ण गुण देतो.