सायलेन्सर गरजला म्हणजे पिकअप वाढला? एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गणित समजून घ्या

कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून स्टीलच्या पाइपांचा 'हेडर' बसवला की गाडी पळते, असं सांगणारे सांगली-मिरज-कुपवाडमध्ये पुष्कळ भेटतात. यात अर्धसत्य आहे. रोजच्या गाडीसाठी मात्र हा खर्च वाया जाण्याचीच शक्यता जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅनिफोल्ड करतो काय?

प्रत्येक सिलिंडरमधला जळका वायू एका पाइपात आणणारा हा भाग. वायू सलग येत नाही, ठोक्यांनी येतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असेल, तर सेकंदाला १०० ठोके! मॅनिफोल्डचे फाटे आखूड असले की एका सिलिंडरचा ठोका दुसऱ्यात उलटा शिरू शकतो. तिथला धूर पूर्ण निघत नाही, ताजी हवा कमी मावते आणि ताकद घटते.

लांब पाइपांचा फायदा कधी?

लांब पाइपात ठोक्यामागून कमी दाबाची लाट येते. ती वेळेवर व्हॉल्व्हपाशी पोहोचली, तर उरलेला धूर ओढून घेते. पण ही वेळ ठरावीक आरपीएमच्या आसपासच जुळते. चार पाइप थेट एकात आणणारी '४-१' रचना साधारणपणे वरच्या आरपीएमला उपयोगी, तर चाराचे दोन आणि दोनाचा एक करणारी '४-२-१' मधल्या पट्ट्यात.

मग कंपन्या आखूड का ठेवतात?

जागा, खर्च आणि प्रदूषण. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्यावरच नीट काम करतो, म्हणून तो इंजिनजवळ हवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर हे आणखी महत्त्वाचं ठरलं. बिडाचा मॅनिफोल्ड जड असतो, पण तापणं-गार होणं वर्षानुवर्षं सोसतो. कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्री कामगाराला हे वेगळं सांगायला नको.

आपल्या रस्त्यांचा हिशेब

कुपवाड ते विश्रामबाग गाडी चालवताना इंजिन बहुतेक वेळ १५०० ते ३००० आरपीएममध्येच असतं. ६००० साठी जुळवलेला हेडर तिथे काय देणार? उलट खालच्या आरपीएमची ओढ कमी होऊ शकते. अनेक गाड्यांत कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. हेडरसोबत तोही निघाला, तर विषारी धूर थेट आपल्याच गल्लीत. शिवाय आवाज आणि धुराची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पिकअप कमी वाटतोय?

आधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि मॅनिफोल्डचं गॅसकेट तपासा. थंड इंजिन सुरू करताना टकटक येते आणि गरम झाल्यावर थांबते? मग गॅसकेट फुटलेलं किंवा मॅनिफोल्डला तडा गेलेला असू शकतो. तिथून आत शिरणारी हवा ऑक्सिजन सेन्सरला फसवते आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं.

हेडरची जागा रेस ट्रॅकवर आहे. तिथे इंजिनाचं ट्यूनिंगही त्यानुसार बदलतात. रस्त्यावर नुसता पाइप बदलून वाढतो तो बहुधा आवाजच.