टेर स्टेगनची कंबर: तीन महिने की चार महिने?

बार्सिलोना क्लबचा तेव्हाचा कर्णधार आणि गोलरक्षक मार्क-आंद्रे टेर स्टेगन याच्या कंबरेच्या मणक्यावर जुलै 2025 च्या अखेरीस फ्रान्समधील बोर्दो येथे शस्त्रक्रिया झाली. साधारण तीन महिन्यांत परतेन, असे त्याने स्वतः जाहीर केले. क्लबला मात्र हा काळ चार महिन्यांपेक्षा जास्त धरायचा होता. यावरून मोठा वाद झाला. डॉक्टरांच्या दृष्टीने हा वाद समजून घेण्यासारखा आहे, कारण असा प्रश्न कोणत्याही नोकरदार रुग्णापुढे येऊ शकतो.

चार महिन्यांचे महत्त्व काय?

स्पॅनिश लीगमध्ये प्रत्येक क्लबच्या पगारखर्चाला मर्यादा असते. एखादा खेळाडू दुखापतीमुळे चार महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहणार असेल, तर त्याच्या पगाराच्या 80 टक्क्यांपर्यंतची रक्कम दुसऱ्या खेळाडूच्या नोंदणीसाठी वापरता येते. बार्सिलोनाला नवा गोलरक्षक जोआन गार्सिया याची नोंदणी करायची होती. त्यासाठी टेर स्टेगनचा वैद्यकीय अहवाल लीगच्या वैद्यकीय समितीकडे पाठवणे गरजेचे होते आणि त्याला खेळाडूची संमती लागते. त्याने सही केली नाही. क्लबने शिस्तभंगाची कारवाई सुरू केली आणि 7 ऑगस्टला त्याचे कर्णधारपद तात्पुरते काढून घेतले. दुसऱ्याच दिवशी त्याने सही केली आणि कर्णधारपद परत मिळाले. पुढे समितीने दीर्घकालीन दुखापत मान्य केली आणि गार्सियाची नोंदणी झाली.

आधीच्या दुखापती

टेर स्टेगन 2014 मध्ये बार्सिलोनात आला. 2022-23 च्या लीग हंगामात 38 सामन्यांत त्याने फक्त 18 गोल होऊ दिले. पण दुखापती त्याच्या मागे लागलेल्याच होत्या. 2020 आणि 2021 मध्ये उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. डिसेंबर 2023 मध्ये कंबरेची पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यातून तो सुमारे दोन महिन्यांत मैदानावर आला.

ऑगस्ट 2024 मध्ये मॅन्युएल नॉयर जर्मनीच्या संघातून निवृत्त झाला आणि अनेक वर्षे वाट पाहिलेली जागा टेर स्टेगनला मिळाली. महिनाभरातच, 22 सप्टेंबरला व्हिलारियालविरुद्ध उंच चेंडू पकडून खाली येताना त्याच्या उजव्या गुडघ्याचा पटेलर टेंडन पूर्ण तुटला. गुडघ्याची वाटी नडगीच्या हाडाला जोडणारा हा जाड पट्टा. तो तुटला की पाय सरळ करता येत नाही आणि शस्त्रक्रिया करावीच लागते. टेर स्टेगन मे 2025 मध्ये, म्हणजे सात महिन्यांनी परतला.

गोलरक्षक कमी धावतो, म्हणून त्याला दुखापती कमी, असे अनेकांना वाटते. पण रोजच्या सरावात तो वारंवार उडी मारतो, कुशीवर आपटतो आणि लांब किक मारताना कंबर पिळवटतो. हा भार गुडघा आणि कंबर या दोन ठिकाणी साचत जातो.

मग खरे कोण?

दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. शस्त्रक्रियेनंतर जखम भरणे, चालणे, पोट-पाठीच्या स्नायूंची ताकद परत येणे, धावणे, उडी मारणे, संघाबरोबर सराव आणि शेवटी सामना अशा पायऱ्या असतात. सराव सुरू होण्यापर्यंत मोजले तर तीन महिने होतात. सामन्यासाठी तयार होण्यापर्यंत मोजले तर चार किंवा त्याहून जास्त होऊ शकतात. त्याच भागावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली असेल, तर पहिल्या वेळचा हिशेब लागू पडेलच असे नाही. म्हणूनच डॉक्टर ‘अमुक ते तमुक आठवडे’ असे सांगतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा या अंदाजातल्या एका आकड्यावर कोणाचा तरी पैसा अवलंबून असतो. मग रुग्णाला लवकर बरे व्हायचे असते आणि संस्थेला तो उशिरा बरा झालेला सोयीचा असतो. अनेक नोकऱ्यांत याच्या उलटही घडते.

क्लबचे नियोजनही समजण्यासारखे आहे. पण संमती ही स्वतःच्या मर्जीने दिली तरच संमती. पद काढून घेतल्यावर मिळालेली सही कायद्याने चालेल, तरी डॉक्टर-रुग्ण नात्यातला विश्वास त्यातून वाढत नाही. आपला अहवाल आपल्याविरुद्ध वापरला जाईल असे वाटले, की रुग्ण दुखणे लपवू लागतो.

आपल्यासाठी काय?

- भारतातही रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. न्यायालयाचा आदेश, कळवणे बंधनकारक असलेले आजार किंवा इतरांना गंभीर धोका असे मोजकेच अपवाद आहेत.
- कंपनीने अहवाल मागितला, तर तो कशासाठी हवा आहे ते विचारा. बहुतेक वेळा पूर्ण फाइलऐवजी ‘कामासाठी योग्य’ किंवा ‘इतके दिवस विश्रांती’ एवढे प्रमाणपत्र पुरते.
- ‘किती दिवसांत बरा होईन?’ एवढेच विचारू नका. ‘कधी चालेन, कधी गाडी चालवेन, कधी वजन उचलेन?’ असे वेगवेगळे विचारा.
- पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना थांबल्या म्हणजे ताकद परत आली असे नाही. फिजिओथेरपी अर्धवट सोडू नका.
- पाय अचानक बधिर होणे, पायातली शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.